रेषेची दिशा आणि दिशाकोनाची नोंद : भूमापनातील एका संकेताचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

दोन हद्दीच्या दगडांमधील बांध पूर्वेकडून पाहिला काय किंवा पश्चिमेकडून पाहिला काय, तो एकच असतो. परंतु हीच हद्द नकाशावर अथवा खरेदीखतात उतरली की तिला आरंभबिंदू व अंत्यबिंदू प्राप्त होतो आणि त्यानुसार तिचा दिशाकोन, म्हणजे व्यवहारात ज्याला बेअरिंग म्हणतात तो, लिहिला जातो. उत्तरेकडून ३० अंश पूर्वेस जाणारी रेषा उलट टोकाकडून वाचल्यास दक्षिणेकडून ३० अंश पश्चिमेस जाते. कोनाचा आकडा तोच राहतो, दिशांची नावे मात्र बदलतात. आज संगणकीय आरेखन प्रणालीत हा बदल एका आज्ञेने होतो. त्यामुळे तो केवळ मांडणीचा प्रश्न आहे, असा समज होण्याचा संभव आहे. वास्तविक या संकेतामागे सुमारे तीन शतकांचा इतिहास असून त्याचा जमिनीच्या मालकीशी निकटचा संबंध आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) रेषेच्या दिशेला भूमापनात कोणता अर्थ होता, हे पाहणे.
२) संगणकीय आरेखनामुळे त्या अर्थात कोणता बदल झाला, याचा शोध घेणे.
३) अभिलेख म्हणून नकाशा वाचणाऱ्या अभ्यासकासाठी या बदलाचे महत्त्व स्पष्ट करणे.

होकायंत्र आणि उलट निरीक्षण

अमेरिकेतील इंग्रज वसाहतींत जमिनीचे वर्णन प्रामुख्याने ‘मेट्स अँड बाउंड्स’ पद्धतीने होत असे. एका ठरावीक खुणेपासून निघून प्रत्येक बाजूची दिशा व लांबी सांगत पुन्हा त्याच खुणेशी येणे, हे या पद्धतीचे स्वरूप होय. दिशेसाठी होकायंत्र आणि लांबीसाठी एडमंड गंटर यांची ६६ फुटांची साखळी ही मुख्य साधने होती. १७४९ मध्ये व्हर्जिनियातील कल्पेपर परगण्याचे मोजणीदार झालेले जॉर्ज वॉशिंग्टन याच परंपरेतील होत.

अशा वर्णनातील दिशा ही मोजणीदाराच्या प्रत्यक्ष चालण्याची दिशा मानली जाई. रेषेच्या दुसऱ्या टोकाशी पोहोचल्यावर तो मागे वळून पहिल्या टोकाचे निरीक्षण घेई. दोन्ही निरीक्षणांत बरोबर १८० अंशांचा फरक आल्यास वाचन ग्राह्य धरले जाई. फरक न जुळल्यास वाचनात चूक झाली आहे, किंवा जवळच्या लोखंडामुळे चुंबकसुई विचलित झाली आहे, असे अनुमान निघे. म्हणजेच उलट दिशाकोन हा पहिल्या निरीक्षणाचा स्वतंत्र साक्षीदार होता.

सुईच्या विचलनाचे महत्त्व १८४४ मधील एका घटनेवरून लक्षात येते. मिशिगन राज्याच्या उत्तर भागात, आजच्या निगॉनी गावाजवळ, विल्यम बर्ट यांच्या मोजणी पथकाला सुई विलक्षण भरकटत असल्याचे आढळले. बर्ट यांनी १८३६ मध्ये पेटंट घेतलेले सौर होकायंत्र सूर्याच्या आधारे दिशा देत असल्याने मोजणी चालू राहिली. सुईच्या विचलनाचे कारण शोधता तेथे लोहखनिज आढळले आणि पुढे हा प्रदेश मार्क्वेट लोहपट्टा म्हणून प्रसिद्धीस आला.

दिशेचा आरंभ कोठून?

दिशा केवळ मोजणीदाराच्या चालीवर नव्हे, तर संस्थेच्या संकेतावरही अवलंबून असते. अमेरिकेच्या १७८५ च्या भूमी अध्यादेशाने रेषा खऱ्या उत्तरेनुसार आखण्याचा आणि सुईचा फरक नकाशावर नमूद करण्याचा दंडक घातला. मात्र त्याच देशातील राष्ट्रीय भूगणितीय सर्वेक्षणात, १९२७ च्या आधारप्रणालीत, दिगंश दक्षिणेपासून मोजला जाई. १९८६ मध्ये पूर्ण झालेल्या १९८३ च्या आधारप्रणालीत तो उत्तरेपासून मोजला जाऊ लागला. जमिनीवर काहीही न हलता त्याच रेषेच्या दिगंशात १८० अंशांचा फरक पडला. जुने व नवे आकडे एकत्र वापरणाऱ्यास हा संकेत ठाऊक नसेल तर संपूर्ण आकृती उलटी होते.

मुंबई इलाख्यातील पद्धत

१८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून सुरू केलेल्या महसुली मोजणीत शेताचे मापन मुख्यतः साखळी व शंकू यांच्या साहाय्याने होई. ३३ फुटांची साखळी सोळा आण्यांत विभागलेली असे आणि एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा होय. या पद्धतीत कोनापेक्षा आधाररेषेची लांबी आणि तिच्या दोन्ही बाजूंस काढलेली लंबांतरे महत्त्वाची ठरतात. तरीही दिशेचा प्रश्न सुटत नाही. चालण्याची दिशा बदलली की उजवी बाजू डावी होते. अंतरे दुसऱ्या टोकापासून मोजून बाजू मात्र तशाच ठेवल्या, तर शेताची आकृती आरशातील प्रतिबिंबासारखी उतरते. त्यामुळे टिपण वाचताना आधाररेषेचे कोणते टोक आरंभाचे, हे प्रथम निश्चित करावे लागते.

संगणकीय आरेखन आणि बदललेला अर्थ

१९६० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये चार्ल्स मिलर यांच्या पुढाकाराने ‘कोगो’ ही निर्देशांक भूमितीची संगणकीय भाषा विकसित झाली. १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले आणि पुढे भूमापनासाठी लँड डेस्कटॉप व सिव्हिल थ्रीडी या प्रणाली प्रचलित झाल्या. यांत मूळ नोंद बिंदूंच्या निर्देशांकांची असते आणि दिशाकोन त्यांवरून गणिताने काढला जातो. रेषेची दिशा ठरते ती आरेखकाने कोणता बिंदू आधी निवडला यावरून. मोजणीदार कोणत्या बाजूने चालला यावरून नव्हे. येथे दोन क्रिया भिन्न आहेत. ऑटोकॅड २०१० पासून उपलब्ध झालेली ‘रिव्हर्स’ आज्ञा रेषेचाच क्रम उलटवते. सिव्हिल थ्रीडीमधील लेबल उलटवण्याची सोय मात्र केवळ लिहिलेली दिशा बदलते, मूळ रेषा तशीच राहते.

या सोयीची गरज खरी आहे. शेजारच्या दोन भूखंडांचे वर्णन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने केल्यास त्यांची सामाईक हद्द एकात एका दिशेने, तर दुसऱ्यात नेमक्या उलट दिशेने चालली जाते. नकाशावर लेबल एकच असले तरी दोन खतांत दोन दिशाकोन लिहावे लागतात.

तथापि या ठिकाणी होणारी चूक लहान नसते. १०० मीटर लांबीची बाजू उ. ३०° पू. ऐवजी द. ३०° प. अशी खतात उतरली, तर वर्णन आरंभबिंदूशी मिळत नाही आणि २०० मीटरची तूट राहते. केवळ ‘उ.’ चे ‘द.’ केले आणि ‘पू.’ तसेच ठेवले, तरी तूट सुमारे १७३ मीटर येते. अशा विसंगतीच्या प्रसंगी अमेरिकी न्यायालये सामान्यतः दिशा व अंतर यांपेक्षा जमिनीवरील खुणांना अधिक महत्त्व देतात. प्रसंगी मूळ मोजणीदाराचा हेतू स्पष्ट होण्यासाठी वर्णन उलट क्रमानेही तपासले जाते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, होकायंत्राच्या काळात उलट दिशाकोन हे दुसरे निरीक्षण होते, तर संगणकीय आरेखनात ते पहिल्याच आकड्याचे दुसरे रूप आहे. तो नेहमीच तंतोतंत जुळतो आणि म्हणूनच काहीही सिद्ध करत नाही. पडताळणीचे कार्य आता आकृतीचे मीलन, क्षेत्रफळाचा ताळा आणि जमिनीवरील खुणा यांच्याकडे गेले आहे. अभ्यासकाने जुन्या नकाशातील दिशेवरून मोजणीदाराचा मार्ग शोधणे बहुधा योग्य ठरेल. संगणकीय नकाशातील दिशेवरून मात्र तसा निष्कर्ष काढता येणार नाही. नकाशासोबत मूळ क्षेत्रीय नोंदवही जतन करणे त्यामुळेच अगत्याचे आहे. कोणता आकडा प्रत्यक्ष पाहिला गेला आणि कोणता केवळ उलटवला गेला, हे तीवरूनच कळू शकते.