अजिंक्यतारा

अजिंक्यतारा : (सातारचा किल्ला). महाराष्ट्रातील सातारा शहराच्या दक्षिणेस शहराला लागूनच असलेला इतिहासप्रसिद्ध डोंगरी किल्ला. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून प्रतापगडाजवळ फुटणाऱ्या बामणोली रांगेच्या टोकाकडील डोंगरावर तो वसला आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३,३०० फूट. पायथ्यापासून सुमारे ३०० मी. माथा पूर्व-पश्चिम लांबट असून दक्षिणोत्तर विस्तार सुमारे ६०० मी. आहे. राजगड, रायगड व जिंजी यांच्यानंतरची मराठ्यांची चौथी राजधानी म्हणून इतिहासात या किल्ल्याचे विशेष महत्त्व आहे.

इतिहास : पन्हाळ्याचा शिलाहार राजा दुसरा भोज याने ११९० च्या सुमारास हा किल्ला बांधला, असे मानतात. पुढे तो बहमनी व नंतर आदिलशाही अंमलाखाली गेला. आदिलशाहीत त्याचा उपयोग मुख्यत्वे राजबंद्यांसाठी होई. पहिल्या अली आदिलशहाच्या मृत्यूनंतर १५८० मध्ये त्याची विधवा चांदबीबी हिला आदिलशाही सरदार किश्वरखानाने येथे कैदेत ठेवले होते. फलटणचे बजाजी निंबाळकर यांनाही येथे ठेवल्याचे सांगतात.

२७ जुलै १६७३ रोजी शिवाजी महाराजांनी किल्ला स्वराज्यात आणला. अंगी ज्वर आल्याने महाराजांनी पुढे सुमारे दोन महिने येथे विश्रांती घेतली. जिंजीहून परतलेल्या राजाराम महाराजांनी १६९९ मध्ये साताऱ्यास राजधानी केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगजेब स्वतः या किल्ल्यावर चालून आला.

या वेढ्याची हकीकत किल्ल्याच्या इतिहासातील सर्वांत तेजस्वी भाग होय. बादशहाची छावणी उत्तरेस करंजे येथे होती. पश्चिमेस शाहजादा आजम, तर पूर्वेस तोफखान्याचा प्रमुख तरबियतखान होता. किल्ल्यातील शिबंदी थोडी होती आणि धान्यसाठाही बेताचा होता. किल्लेदार म्हणून मराठी साधनांत प्रयागजी प्रभू, तर मोगल साधनांत सुभानजी असे नाव येते. परळीच्या किल्ल्यावरून (सज्जनगड) परशुराम त्रिंबक (पुढे परशुरामपंत प्रतिनिधी) वेढ्यातील लोकांना रसद पोहोचवण्याची खटपट करीत होते. वेढा चालू असतानाच मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले; तरीही गड लढत राहिला. १३ एप्रिल १७०० रोजी मोगलांनी ईशान्येकडील मंगळाई बुरुजाखाली दोन सुरुंग उडवले. पहिल्याने तटाचा भाग किल्ल्याच्या आत कोसळला आणि अनेक मराठे गाडले गेले. त्यांत प्रयागजी प्रभूही होते. परंतु त्यांना ढिगाऱ्याखालून जिवंत बाहेर काढण्यात आले. दुसऱ्या सुरुंगाने मात्र बुरुज बाहेरच्या अंगास ढासळला आणि चढाईसाठी खाली दाटीने उभ्या असलेल्या मोगल फौजेवर आला. त्यात दीड ते दोन हजार मोगल सैनिक ठार झाले. अखेर दाणागोटा संपल्यावर २१ एप्रिल रोजी मराठ्यांनी तह करून गड खाली केला. मूठभर शिबंदीने हिंदुस्थानच्या बादशहाला साडेचार महिने एका डोंगराखाली अडकवून ठेवले, हे या वेढ्याचे खरे फलित.

मोगलांनी शाहजाद्यावरून किल्ल्याचे नाव आजमतारा ठेवले. काही वर्षांतच राजाराम महाराजांच्या पत्नी महाराणी ताराबाई यांच्या फौजेने तो परत घेतला व त्यास अजिंक्यतारा हे नाव दिले. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांनी १७०८ मध्ये किल्ला मागितला, तेव्हा तेथे असलेल्या परशुरामपंत प्रतिनिधींनी तो देण्यास नकार दिला. मात्र गडावरील अधिकारी शेख मिरा याने पंतांना अटकेत ठेवून दरवाजे उघडले. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांना येथे राज्याभिषेक झाला. बाळाजी विश्वनाथ, पहिले बाजीराव व बाळाजी बाजीराव या तिन्ही पेशव्यांना पेशवाईची वस्त्रे शाहू महाराजांनीच दिली. डोंगराच्या उतारावर व पायथ्याशी त्यांनी वसवलेले शाहूनगर म्हणजेच आजच्या सातारा शहराचा गाभा.

शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी निवर्तले. त्यांच्यामागून गादीवर आलेल्या रामराजास ताराबाईंनी १७५० च्या चंपाषष्ठीस गडावर बोलावून तेथेच अटकेत ठेवले. ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत (१७६१) गड त्यांच्याच ताब्यात राहिला. माधवराव पेशव्यांच्या काळात रामराजास शहरात राहण्याची मोकळीक मिळाली. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी किल्ला इंग्रजांच्या हाती आला. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने छत्रपती प्रतापसिंह यांना गादीवर बसवले. १८३९ मध्ये इंग्रजांनीच त्यांना पदच्युत केले आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले.

वास्तू : किल्ल्यास दोन वाटांनी प्रवेश आहे. वायव्येकडील महादरवाजा दोन भक्कम बुरुजांत बसवलेला असून त्याची बांधणी अद्याप शाबूत आहे. वळणावरून येणारा माणूस अगदी जवळ येईपर्यंत दार नजरेस पडत नाही. दुसरा दरवाजा आग्नेय अंगास आहे. आत शिरल्यावर मारुती व महादेव यांची मंदिरे लागतात. पुढे ताराबाईंच्या वाड्याचे म्हणून दाखवले जाणारे जोते व दारूकोठाराचे अवशेष आहेत. ईशान्य टोकावर मंगळाई देवीचे मंदिर असून नवरात्रात तेथे गर्दी असते. १७०० च्या सुरुंगाची जागा याच बाजूस आहे. कातळात खोदलेली तळी अनेक. उन्हाळ्यात त्यांपैकी काही कोरडी पडतात. माथ्यावर आकाशवाणी व दूरदर्शनचे मनोरे आहेत, त्यामुळे साताऱ्याकडे येणाऱ्या प्रवाशास गड दुरूनच ओळखू येतो.

परिसरदर्शन : तटावरून फेरी मारली की चारही दिशांचा मुलूख एकापाठोपाठ दिसतो. उत्तरेस थेट पायाखाली शहर पसरले आहे : राजवाडा व त्यापुढील गोलबाग, उतारावर दाटलेल्या जुन्या पेठा, पलीकडे करंजे आणि वेण्णेचे खोरे. औरंगजेबाची छावणी किती जवळ होती आणि तरी गड किती दूर होता, हे येथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. त्यामागे चंदन-वंदन ही जोडकिल्ल्यांची शिखरे व वैराटगड. ईशान्येस जरंडा व नांदगिरी (कल्याणगड). पूर्वेस पुणे-बंगळूर महामार्ग आणि कृष्णा-वेण्णा संगमावरील माहुली, जेथे शाहू महाराजांची समाधी आहे. पश्चिमेस यवतेश्वरचे पठार व कासकडे चढणारा घाट. यवतेश्वर व अजिंक्यतारा या दोन डोंगरांमधील खिंडीतून जाणारा बोगदा शहराला सज्जनगडाच्या रस्त्याशी जोडतो. दक्षिण तटावरून उरमोडीचे खोरे, सज्जनगड आणि स्वच्छ हवेत चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या दिसतात. परळीहून येणारी रसद वेढ्यातून गडावर आणणे किती अवघड होते, याची कल्पना याच तटावरून येते.

डोंगराच्या शहराकडील बाजूस ‘चार भिंती’ हे १८५७ च्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. संध्याकाळी तेथे शहरातील कुटुंबे जमतात.



सद्यःस्थिती : गडावर रोज पहाटे चालायला जाणाऱ्या सातारकरांची संख्या मोठी आहे. गुडघ्याला पट्टा बांधलेले निवृत्त शिक्षक आणि पोलीस भरतीसाठी धावणारी खेड्यांतली मुले एकाच रस्त्याने वर जातात आणि महादरवाजाच्या उंबऱ्याला हात लावून आत शिरतात. राजधानीचा किल्ला रोजच्या वावरात राहिल्याची अशी उदाहरणे महाराष्ट्रात थोडी आहेत. १२ जानेवारीस शाहू महाराजांच्या राज्याभिषेकाचे स्मरण केले जाते. पावसाळ्यात उतार हिरवेगार असतात व मोर दिसतात. मार्चपासून वाळलेल्या गवतास वणवे लागतात आणि लावलेली रोपे जळतात. तटाच्या फटींत वाढलेली झाडे ही बांधकामाला असलेली मोठी बाधा आहे.

पुण्याहून अंतर सुमारे ११० किमी. रेल्वे स्थानक शहराबाहेर माहुलीनजीक आहे. गोडोलीच्या बाजूने महादरवाजापर्यंत वाहनाचा रस्ता आहे. अदालतवाड्याकडून पायवाट जाते. गडावर जेवणाची सोय नाही. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. वेळ थोडा असेल त्याने वाड्याचे अवशेष सोडून आधी मंगळाई बुरूज व मग दक्षिण तट पाहावा. उन्हाळ्यात काडी-विडी पेटवू नये आणि तटावरील दगड हलवू नयेत.