ब्लू लगूनच्या गरम पाण्यात उतरण्यापूर्वी

'स्पा' हा शब्द बेल्जियममधल्या झऱ्यांच्या स्पा गावावरून आला. आइसलँड बेटावर पर्यटकांची गर्दी खेचणारे ब्लू लगून मात्र नैसर्गिक झरा नाही. १९७६ मध्ये सुरू झालेल्या स्वार्त्सेंगी भूऔष्णिक वीजकेंद्रातून सोडलेले पाणी लाव्हाच्या खडकांत साचले. सोरायसिसच्या एका रुग्णाला त्यात आंघोळ करून आराम वाटला. १९८७ मध्ये तिथे लोकांसाठी सोय झाली.

या खारट, सिलिकायुक्त पाण्याने खपल्या कमी होऊ शकतात, पण सोरायसिस मुळापासून बरा होत नाही. औषधे बंद करू नका.

पाणी साधारण ३७ ते ४० अंश सेल्सिअस असते. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो. तुम्ही रक्तदाबाच्या गोळ्या घेत असाल तर बाहेर पडताना चक्कर येऊ शकते. सावकाश उठा, पाण्यातच मिळणारी बिअर टाळा. हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि केसांना कंडिशनर लावूनच उतरा, नाहीतर सिलिकाने ते राठ होतात.