बुरूज गेला, चिंच राहिली : १९०८ची तुग्यानी आणि सावरणारं हैदराबाद

अफजलगंजच्या उस्मानिया दवाखान्याच्या आवारात, मुसी नदीच्या अंगाला, एक जुनं चिंचेचं झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८च्या महापुरात दीडशेहून अधिक माणसं या झाडावर चढून बसली आणि वाचली. आजही दर वर्षी २८ सप्टेंबरला शहरातले काही इतिहासप्रेमी या झाडाखाली जमतात, पुरात गेलेल्यांची आठवण काढतात. मीही जातो. पण या झाडाचा खरा विचार मी केला तो स्वतः आजारातून उठल्यावर.

तीन वर्षांपूर्वी माझं हृदयाचं ऑपरेशन झालं. टाके दोन महिन्यांत भरले. मनाचं काही भरेना. रात्री दचकून उठायचो, जिना चढायची भीती वाटायची. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, "मन घट्ट करा, दगडासारखं." मी ते प्रामाणिकपणे करून पाहिलं. कुणापुढे बोलायचं नाही, रडायचं नाही. त्यानं मी आणखी खचलो. त्या दिवसांत वेळ जावा म्हणून तुग्यानीवरचे जुने कागद पुन्हा वाचायला घेतले. हैदराबादेत त्या पुराला आजही तुग्यानीच म्हणतात.

तर आधी त्या सोमवारची हकीकत. मुसीच्या खोऱ्यात आधीपासून मुसळधार पाऊस चालू होता. शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत जवळजवळ १९ इंच पाऊस पडल्याची नोंद आहे. नदीचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८६० चौरस मैलांचं आणि त्यात ७८८ तलाव, म्हणजे जवळपास दर चौरस मैलाला एक. वरचा तलाव फुटला की त्याचं पाणी खालच्यावर यायचं, मग तोही फुटायचा. सगळ्याचा लोंढा शहरावर आला. सुमारे सव्वाचार लाख क्युसेक हा त्याचा अंदाज. कोळसावाडीसारख्या वस्त्या उरल्याच नाहीत. मृतांचा आकडा पंधरा हजारांच्या आसपास सांगतात.

लोक जीव वाचवायला उंच आणि मजबूत जागा शोधत होते. शहराच्या तटाचा पेटला बुरूज अशीच एक जागा. भक्कम दगडी बांधकाम, शेकडो माणसं वर गेली. पाण्यानं बुरूज ढासळला आणि वरची माणसं गेली. थोड्या अंतरावर चिंच मात्र उभी राहिली.

माझी नोकरी पाटबंधाऱ्याच्या कामात गेली, त्यामुळे याचं कारण शोधल्याशिवाय राहवेना. हा माझा अंदाज आहे, पण त्यामागचा नियम साधा आहे. बुरूज पाण्याला वाट देत नाही. सगळा दाब तो अंगावर घेतो, पाणी वळसा घालून पायाखालची माती खरवडतं, आणि पाया गेला की वरचा दगड कितीही मजबूत असो, उपयोग नाही. झाडाच्या बाजूनं पाणी निघून जातं, फांद्या लवतात, आणि मुळं आपल्याखालची माती धरून ठेवतात.

याच पुरानं हैदराबादच्या एका तरुणाचं घर पुसून टाकलं. सय्यद अमजद हुसेन, पुढे अमजद हैदराबादी म्हणून उर्दू रुबाईचे मोठे कवी झाले ते.  आई, बायको आणि लहान मुलगी तिघीही त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेल्या, ते एकटे वाचले. अमजद यांनी मनाचा बुरूज केला नाही. त्यांनी त्या पुरावरच कविता लिहिली, 'कयामत-ए-सुग्रा', म्हणजे धाकटा प्रलय. दुःख दाबलं नाही, त्याला वाट दिली. नंतर सरकारी हिशेब खात्यात नोकरी केली, पुन्हा संसार मांडला आणि आयुष्यभर रुबाया लिहिल्या. चार ओळींत एक पुरा विचार बसवायचा, ही रुबाईची शिस्त. १९६१ साली ते गेले, म्हणजे पुरानंतर आणखी त्रेपन्न वर्षं जगले. ते दुःख विसरले असतील असं मला वाटत नाही. त्याच्यासकट जगले, एवढंच.

शहरही तसंच सावरलं. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी निराश्रितांसाठी आपले वाडे उघडले, अन्नछत्रं चालवली. हा झाला पहिल्या दिवसांचा आधार. मग प्रश्न आला पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं. मुंबई इलाख्यातल्या नोकरीतून नुकतेच बाहेर पडलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना १९०९ साली बोलावणं गेलं. पुणेकरांना ते खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे माहीत असतात. नदीकाठ उंच करणं त्यांच्या योजनेत होतंच, पण मुख्य भर भिंतींवर नव्हता. शहराच्या वरच्या बाजूला मोठे जलाशय बांधा, पुराचं पाणी तिथे थोपवा आणि नदीला झेपेल तेवढंच खाली सोडा, हे त्यांच्या सल्ल्याचं सार. त्यातून मुसीवर उस्मानसागर १९२० साली पुरा झाला आणि इसीवर हिमायतसागर १९२७ साली. हेच पाणी पुढे शहर प्यायलं.

तारखांकडे जरा बघा. पूर १९०८चा, पहिलं धरण बारा वर्षांनी, दुसरं एकोणीस वर्षांनी. मधे १९१२ साली शहर सुधारणा मंडळ आलं, नदीकाठी नवा दवाखाना आणि हायकोर्ट उभं राहिलं. सावरणं इतकं सावकाश चालतं. आणि मी दोन महिन्यांत बरं व्हायला निघालो होतो.

त्यानंतर मी 'मन घट्ट' करायचा नाद सोडला. बायकोला रात्रीची भीती सांगितली. रोज एक पान लिहायला लागलो, रोज फक्त चार पायऱ्या जास्त चढायला लागलो. भीती अजून येते, पण येऊन जाते. ही गोष्ट सगळ्यांना लागू पडेल असा माझा दावा नाही. ज्याला औषध लागतं त्यानं ते घ्यावं, मीही घेतो.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. चिंचेवर दीडशे माणसं होती. एकटं कुणी नव्हतं. वरच्यानं खालच्याला हात दिल्याशिवाय एवढी माणसं एका झाडावर चढत नाहीत, हे कुठल्या कागदात मी वाचलेलं नाही, पण झाडाखाली उभं राहून वर पाहिलं की लगेच पटतं. एकदा जाऊन बघा. दवाखान्यात आपलं माणूस दाखल असेल तर जरूर बघा.