घास खरंच बत्तीस वेळा चावायचा का?

'एक घास बत्तीस वेळा चावावा' हे तुम्ही घरात ऐकलंच असेल. दात बत्तीस म्हणून चावणंही बत्तीस वेळा, एवढाच त्याचा हिशोब. अमेरिकेत होरेस फ्लेचर (१८४९-१९१९) नावाच्या गृहस्थांनी तर घास पातळ होईपर्यंत चावण्याचा मोठा प्रचार केला. दूधसुद्धा तोंडात घोळवून 'चावावं' असं त्यांचं म्हणणं होतं! प्रत्यक्षात वरणभाताचा घास बत्तीसपर्यंत तोंडात टिकत नाही, आणि भाजलेल्या चण्यांना कधी कधी बत्तीसही कमी पडतात. त्यामुळे आकडा विसरा. चावण्याचं महत्त्व मात्र खरं आहे.

ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा मिनिटभर चावत राहा, हळूहळू गोडसर लागेल. लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) पिष्टमय पदार्थाचं साखरेत रूपांतर करू लागतं, त्याची ही चव. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. पण 'नीट चावलं नाही तर पोळी-भात पचतच नाही' असे जे मेसेज फिरतात, ते खरे नाहीत. पिष्टाचं बरंचसं पचन पुढे लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसामुळे होतं.

दातांचं खरं काम आहे दळण्याचं. जठरात दात नाहीत. ते अन्न घुसळतं, आणि साधारण दोन मिलिमीटरपेक्षा बारीक झालेले कण पुढे आतड्यात सोडतं. मोठे तुकडे तिथेच रेंगाळतात. शिवाय दाणे, बिया, कच्च्या भाज्या यांच्या पेशींभोवती सेल्युलोजची भिंत असते आणि ती पचवणारं विकर माणसाच्या शरीरात तयार होत नाही. ती फोडायची तर दातांनीच. मक्याचे दाणे शौचातून जसेच्या तसे बाहेर पडतात ते यामुळेच. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना बदाम १०, २५ आणि ४० वेळा चावून खायला दिले होते. कमी चावलेल्या बदामांतली चरबी शौचावाटे जास्त वाया गेली. म्हणजे महागाचे बदाम खाऊन फायदा अर्धवटच!

भराभर जेवण्याचा आणखी एक तोटा. पोट भरल्याची जाणीव मेंदूला व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात. तोवर ताटात आणखी दोन पोळ्या येऊन गेलेल्या असतात. घासाबरोबर हवाही गिळली जाते, म्हणून ढेकर आणि पोटफुगी.

आता ज्याकडे घरात सहसा लक्ष जात नाही ते. आजी-आजोबांचं पोट बिघडलं की आपण चूर्ण आणतो, पण त्यांची कवळी सैल आहे का, दाढ दुखते का, हे विचारत नाही. चावता येत नसलं की माणूस एक तर अर्धवट गिळतो, नाहीतर भाकरी, कोशिंबीर, फळं सोडून चहा-बिस्किटांवर येतो. मग चोथा कमी पडतो आणि बद्धकोष्ठ सुरू होतं. अशा वेळी आधी दंतवैद्याकडे जा. तोवर गाजर किसून, दाणे कुटून, भाकरी वरणात कुस्करून द्या. गिळताना वारंवार ठसका लागत असेल तर मात्र तो दातांचा प्रश्न समजू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नका. त्यांना ते नीट चावता येत नाहीत आणि दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो.