कोळसा, कोक आणि वॅट

‘दगडी कोळसा’ या जोडीतलं ‘दगडी’ हे विशेषण फार बोलकं आहे. मराठी माणसाचा मूळ कोळसा लाकडाचा. जमिनीतून निघणारा काळा दगड जळतो हे कळल्यावर त्याला जुनंच नाव दिलं आणि ओळखीपुरतं ‘दगडी’ जोडलं. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुसकडे आज उलट घडलं आहे. तिथे नुसतं ‘कोळसा’ म्हटलं की तो खदानीतला. दुसरा हवा असेल तर ‘लाकडी’ म्हणून सांगावं लागतं.

लाकडी कोळशाशिवाय लोखंड गाळता येत नव्हतं, तेव्हाची भाषा लोहारकामात अजून टिकून आहे. ‘भाता’ म्हणजे संस्कृत ‘भस्त्रा’, कातडी पिशवी. योगातली ‘भस्त्रिका’ तिचीच बहीण. ‘ऐरण’ आली ‘अधिकरणी’वरून. ‘लोह’ शब्दाचा मूळ अर्थ तांबूस धातू, म्हणजे आधी तांबं. ‘लोहित’ म्हणजे लाल. गंमत अशी की ‘हेमेटाइट’ या लोहखनिजाचं नावही ‘रक्त’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलं आहे. पोलादाला जुन्या मराठीत ‘तिखें’ म्हणत, ‘तीक्ष्ण’वरून. पुढे फारसीतून आलेल्या ‘पोलाद’ने त्याला मागे सारलं. मला त्याची हळहळ वाटते. धार त्या शब्दातच होती.

चंद्रपूरचं जुनं नाव चांदा. त्या जुन्या चांदा जिल्ह्यात लोहारा, देवलगाव या भागांत लाकडी कोळशावर लोखंड गाळणाऱ्या भट्ट्या पेटत. पण १७०९ साली इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेलला अब्राहम डार्बीने लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड गाळलं. लाकूड कमी हवेत भाजून जसा कोळसा करतात, तसा दगडी कोळसा भाजून कोक होतो. म्हणजे कोक हा कोळशाचाही कोळसा. एवढं सरळ नाव सुचण्याजोगं असून मराठीने ते घडवलं नाही, ‘कोक’च ठेवलं. कारण चांद्यापुरतं मला स्पष्ट दिसतं: इथला कोळसा भट्टीजोगा कोक देत नाही. जी वस्तू गावात होतच नाही, तिला गाव नाव कशाला देईल?

या उणिवेने इतिहास वळला. १८८२ साली जमशेटजी टाटांच्या हाती फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाविषयीचा अहवाल आला. लोहाऱ्याला उत्तम खनिज, वरोऱ्याला कोळशाची खाण, दोन्ही एकाच जिल्ह्यात! पण वरोऱ्याचा कोळसा चाचणीत उतरला नाही, खाणकामाच्या सरकारी अटीही जाचक होत्या. बेत थांबला. पुढे त्यांचे पुत्र दोराबजी टाटा आणि भूगर्भतज्ज्ञ चार्ल्स वेल्ड यांनी चांद्याचं रान पुन्हा धुंडाळलं. अखेर नागपूरच्या संग्रहालयातल्या एका नकाशाने दोराबजींना दुर्गजवळच्या लोहखनिजाकडे नेलं आणि कारखाना शेवटी उभा राहिला तो साकचीला, आजच्या जमशेदपुरात.

त्याच १८८२ साली विल्यम सीमेन्सने शक्तीच्या एककाला जेम्स वॅटचं नाव द्यावं असं सुचवलं. हा सीमेन्स म्हणजे पोलादाच्या नव्या भट्टीचाही जनक, त्यामुळे हा योगायोग मला विशेष वाटतो. चांद्याला पोलाद मिळालं नाही, ‘वॅट’ मात्र मिळाला. भट्टीला न चालणारा वर्धा खोऱ्यातला कोळसा पाणी उकळायला उत्तम चालतो, आणि चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. डार्बी इथे कुणाला ठाऊक नाही. वॅटचं नाव मात्र संच बंद पडला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत येतं, आणि दुकानात बल्ब मागतानाही येतं: “नऊ वॅटचा द्या जी.”