माणगावहून लंडनला गेलेलं अर्थशास्त्र

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडं घराघरांत एक संवाद ठरलेला असतो. पोरगं म्हणतं, "बीएला अर्थशास्त्र घेतो." बाप विचारतो, "त्यानं नोकरी लागत्या व्हय?"

प्रश्न चुकीचा नाही, फी तोच भरणार असतो. पण शंभर वर्षांपूर्वी एक माणूस हा विषय पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत शिकला आणि त्यातल्या एका अवघड पायरीवर कोल्हापूरनं त्याला हात दिला. ही गोष्ट आपल्या पोरांना माहीत पाहिजे.

बाबासाहेब आंबेडकर १९१२ साली अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बीए झाले. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ कोर्स घेतले. १९१५ साली एमए झाले, प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर. १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. चार वर्षांच्या आत येऊन पुरं करा, अशी मुभा होती. पैसे नव्हते.

मग ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागले. त्याच वर्षी, म्हणजे १९१८ साली, त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर एक निबंध लिहिला. तुकडे एकत्र करा म्हणजे शेती सुधारेल, असं तेव्हा मोठमोठे लोक म्हणत होते. आंबेडकरांचं म्हणणं वेगळं होतं. जमीन पुरेशी आहे का, हे नुसत्या एकरावर ठरत नाही. तिच्यात घालायला भांडवल आणि अवजारं किती आहेत, त्यावर ठरतं. मूळ दुखणं हे की गरजेपेक्षा जास्त माणसं शेतीला चिकटलीत, आणि औषध म्हणजे त्यांना उद्योगांत काम मिळणं.

आता बघा, भूमी, श्रम, भांडवल हा धडा बीएच्या पहिल्या वर्षालाच असतो. पोरं तो पाठ करतात आणि पेपरात उतरवतात. पण घरी वीस गुंठे ऊस आणि थोरला भाऊ शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, असं ज्याचं घर आहे, त्याच्यासाठी तो धडा म्हणजे घरचाच हिशोब आहे. हे त्याला वर्गात कुणी सांगतं का?

मार्च १९२०. कागल जहागिरीतल्या माणगावात बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष आंबेडकर, वय अवघं २८. राजर्षी शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, अशा अर्थाचं बोलले. हे भाषण सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यानंतर चारच महिन्यांत, जुलैमध्ये, आंबेडकर अर्धं राहिलेलं अर्थशास्त्र पुरं करायला लंडनला निघाले, हे फारसं कुणी सांगत नाही. पैसे कुठून आले? प्राध्यापकीतली शिल्लक, नवल भथेना या पारशी मित्राचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत.

१९२१ साली ते एमएस्सी झाले, विषय सरकारी वित्ताचं विकेंद्रीकरण. पुढं डीएस्सीसाठी रुपयावर प्रबंध लिहिला. तो परीक्षकांना पटला नाही, पुन्हा लिहायला सांगितला. त्यांनी मुंबईत बसून पुन्हा लिहिला, आणि १९२३ साली पदवी मिळाली. प्रबंधाचा गाभा असा: रुपयाचा परदेशातला दर सांभाळण्यापेक्षा देशात त्याची खरेदीशक्ती टिकणं महत्त्वाचं. रुपया पडून महागाई वाढली की व्यापाऱ्याला फायदा होतो, पण मजुराची मजुरी मागंच राहते.

ही पदवी बघायला महाराज नव्हते. ६ मे १९२२ रोजी ते गेले.

एक खुलासाही करतो. 'रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या पुस्तकावरून निघाली' असा मेसेज दरवर्षी फिरतो. त्यांनी १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढं साक्ष दिली, आयोगानं १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. एवढं पक्कं आहे. एकाच पुस्तकातून बँक निघाली म्हणणं ही ओढाताण. त्यांचं काम मुळातच मोठं आहे, त्याला फुगवायची गरज नाही.

सांगायचं एवढंच की आंबेडकरांची बुद्धी १९१७ सालीही तेवढीच होती, तरी शिक्षण थांबलं, कारण पैसे संपले. ते पुन्हा सुरू झालं, कारण त्यांच्या स्वतःच्या शिलकीला एका मित्राची आणि एका राजाची जोड मिळाली. आज आपल्याकडं कॉलेजं आहेत, शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे. तरीही बीएनंतर एमए, एमएनंतर पीएचडी, या प्रत्येक पायरीवर हुशार पोरं गळतात आणि पोरी तर आधीच गळतात. कारण बहुतेक वेळा तेच, १९१७ सालचं.

राजा आता नाही. पण आपल्या गल्लीत, भावकीत, तालमीत असं एखादं पोरगं किंवा पोरगी असेल. या जूनमध्ये त्यांची एका वर्षाची फी आपण पाच-दहा जणांनी मिळून भरली तर कुणाच्या संसाराला फार ओढ लागणार नाही. बघा जमतंय का.