कृपया आहेर आणू नये

पत्रिकेत ही ओळ वाचूनही मी खिशात पाकीट घालूनच लग्नाला जातो. बंदीने देणे-घेणे थांबते थोडेच! कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे आदिवासी ‘पॉटलॅच’ नावाचा सोहळा करीत. यजमान ढिगाने घोंगड्या वाटी. घेणाऱ्याने पुढे आपल्या सोहळ्यात फेडायच्या. कसली ही उधळपट्टी, म्हणून सरकारने १८८५ पासून कायद्याने बंदी घातली. लोक चोरून वाटत राहिले. १९२१ च्या एका पॉटलॅचपायी कित्येक जण तुरुंगातही गेले. अखेर १९५१ मध्ये ते कलम कायद्यातून गळाले. सरकारला उमजायला सहासष्ट वर्षे लागली. आमच्या आजीला मात्र आहेराच्या वहीवरून हे ठाऊक होते. दहाचा आहेर ती अकराने फेडी. म्हणे, “हिशेब चुकता झाला, की जाणे-येणे संपले रे बाबा!”